माया कुठं संपते, दांडगाई कुठं सुरू होते

आज आपण एका नाचाबद्दल बोलू या.

जर्मनीत वुप्पर्टाल नावाचं शहर आहे. तिथल्या पिना बाउश या बाईंनी १९७८ साली 'कोन्टाक्टहोफ' हे नृत्यनाट्य बसवलं. कोन्टाक्टहोफ म्हणजे भेटीगाठीचं अंगण. २००० साली तेच त्यांनी पासष्टी ओलांडलेल्या बायाबाप्यांकडून करून घेतलं आणि २००८ साली चौदा वर्षांपुढच्या शाळकरी पोरापोरींकडून. ही मुलं काही नाचणारी नव्हती. दर शनिवारी तालमी करून ती शिकली.

त्यात सुरुवातीला एकेक जण पुढे येतो, दात दाखवतो, हात दाखवतो, मागे जातो. जणू विचारतो, मी कसा दिसतो? आपल्या पोरी मोबाईलवर फोटो टाकून हेच विचारतात. त्यात वाईट काही नाही. त्या वयात आपणही आरशासमोरून हलत नव्हतो.

पुढे एक प्रसंग आहे. मधे एकटी मुलगी उभी. कुणी येऊन हळूच गालाला हात लावतं, कुणी केसांना. आधी माया वाटते. पण हात वाढत जातात, थांबतच नाहीत. मायेची दांडगाई होते. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मोबाईलवरही असंच होतं. आधी 'जेवलीस का?', मग 'फोटो पाठव', मग 'तसला पाठव', आणि शेवटी 'नाहीतर सगळ्या गावाला दाखवीन'. पोरगी घरी सांगत नाही. कारण सांगितलं की आधी मोबाईल जातो, मग शाळा सुटते, मग स्थळं बघायला लागतात. धमकी देणाऱ्याचं सगळं बळ आपल्या या धाकातच असतं.

म्हणून गटात ठरवू या. पोरगी बोलली तर आधी ऐकून घ्यायचं. 'तू पाठवलासच कशाला?' असं म्हणायचं नाही. मेसेज पुसायचे नाहीत, तोच पुरावा. पैसे द्यायचे नाहीत. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ हे नंबर लिहून ठेवायचे. संमतीशिवाय कुणाचा खासगी फोटो काढणं वा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि हे फक्त पोरींना सांगून भागणार नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, फोटो मागून छळायचं नाही, हे आपल्या पोरांनाही आपणच शिकवायचं आहे.