सही करण्याआधी शाळेत जाऊन या

(गंगापूर रोडवर सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस झालेल्या बचत गटांच्या मासिक बैठकीतील भाषण)



आज बचतीचा हिशेब थोडा बाजूला ठेवू. येत्या सोमवारी, ४ ऑक्टोबरला शाळा उघडणार आहेत. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी. आपला गंगापूर रोड शहरातून निघून गावांकडे जातो. त्यामुळे गिरणाऱ्याच्या ताईंची सहावीतली मुलगी शाळेत जाईल, आणि आनंदवलीच्या ताईंची सहावीतली मुलगी अजून घरीच असेल. गोंधळू नका, आपापल्या शाळेत विचारून घ्या.

शाळेत पाठवायला पालकांची संमती लागते. तो कागद हातात घेऊन एका मावशींनी मला विचारलं, "पोरीला काही झालं तर जबाबदार कोण?" मावशी, तुमची भीती खोटी नाही. याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे वर्ग सुरू झाले, दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागलं. आपल्यातल्या काही घरांत माणसं गेली. लहान मुलांना अजून लस नाही. म्हणून मी "घाबरू नका, करा सही" असं म्हणणार नाही. सही करण्याआधी शाळेत जाऊन या, एवढंच म्हणेन.

गेल्यावर काय बघायचं?

पहिलं, खिडक्या. बंद खोलीत चूल पेटवली की धूर कोंडतो, दार-खिडकी उघडली की निघून जातो. हा आजारही श्वासातून हवेत पसरतो. खिडक्या गंजून बसल्या असतील तर सोमवारच्या आत उघडून घ्या. जमेल तिथे वर्ग झाडाखाली, व्हरांड्यात भरू द्या.

दुसरं, पाणी. दीड वर्ष बंद असलेली टाकी धुतली का? हात धुवायला साबण आहे का? मुलींच्या संडासात पाणी येतं का? ते नसेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग शाळाच टाळतात.

तिसरं, बसायची सोय. एका बाकावर एकच मूल. शिक्षकांचे दोन्ही डोस झाले का, हेही विचारा. विचारण्यात भांडण नाही.

आता आपलं काम. मास्क आपल्याच गटांनी हजारोंनी शिवले, ते आपल्याला शिकवायला नको. फक्त दोन द्या, एक तोंडावर आणि एक दप्तरात. कोपऱ्यात दोऱ्याने नावाचं अक्षर घाला, म्हणजे अदलाबदल होत नाही. रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवा. ताप, खोकला, जुलाब असेल त्या दिवशी मूल घरी ठेवा आणि आशाताईंना कळवा. लपवू नका. आणि घरातल्या मोठ्यांची लस पूर्ण करा. मुलांना लस नाही, तोवर त्यांच्या भोवतीची माणसं लस घेतलेली हवीत.

हे झालं आजाराचं. पण शाळा बंद राहण्यातही धोका आहे आणि तो आपल्याला दिसत नाही, कारण त्यात ताप येत नाही. मार्च २०२० मध्ये तिसरीत असलेलं मूल आज पाचवीत आहे. तिसरीची परीक्षा झाली नाही, चौथीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही. ज्यांच्या घरी एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर, ती मुलं काय शिकली असतील?

एक गोष्ट सांगते. या महिन्यात सकाळी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात मला आपल्या गटातल्या एक ताई भेटल्या. शेजारी त्यांची आठवीतली मुलगी, डोक्याला रुमाल, हातात डबा. ताई म्हणाल्या, "शाळा बंद आहे, घरी बसून काय करील?" मी काही बोलले नाही. बोलणार तरी काय? वर्षभर मी प्रत्येक बैठकीत विचारलं, बचत जमा झाली का, हप्ता भरला का, मास्कची ऑर्डर झाली का. मुलगी काय करते, हे एकदाही विचारलं नाही. ती चूक माझी आहे.

आता ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची छाटणी. शाळा उघडणार आणि हाताला काम मिळणार, दोन्ही एकाच महिन्यात. ती मुलगी रोज सोडून वर्गात जाईल का? ते त्या ताईंवर एकट्यांवर सोडलं तर जाणार नाही. म्हणून प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात.

एक, बैठकीच्या रजिस्टरमध्ये नवा रकाना घाला: घरातली शाळेच्या वयाची मुलं आणि कोण शाळेत जातं. दोन, ज्या घरात मुलीच्या मजुरीवर घर चाललं आहे, तिथे त्या ताईंचा हप्ता पुढे ढकलता येईल का, छोटं अंतर्गत कर्ज देता येईल का, ते गटाने ठरवा. तीन, शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिथे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नुसती सही करून येऊ नका, खिडकी-पाण्याचं तिथे बोला. गावातून बस नसेल तर गटाच्या लेटरहेडवर एसटी डेपोला पत्र द्या. ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण बसच नसेल तर पासाचा उपयोग काय?

आणि बंदच्या काळात कुठे अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, तर १०९८ वर फोन करा. फोन फुकट आहे.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. जबाबदार कोण? शाळा आहे, सरकार आहे, तुम्ही आहात आणि आपला गटही आहे. सोमवारी सकाळी प्रत्येक गटातून दोघी जणी मास्क लावून शाळेच्या गेटबाहेर उभ्या राहा. कोण आलं ते बघा, आणि कोण नाही आलं तेही लिहून घ्या. संध्याकाळी त्या घरी जाऊन या.

पुढच्या बैठकीत बचतीच्या आधी मी हेच विचारणार आहे.