टू-स्ट्रोक मोटारसायकलींचें पुनरागमन



मुंबईहून पुण्याकडे निघालेली मोटारसायकल पनवेलला आली, कीं तिला जुनीच वाट धरावी लागते. २००२ सालीं पूर्ण झालेल्या द्रुतगति मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून खोपोली आणि बोरघाट हाच तिचा रस्ता. पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं या वाटेवर अनेक गाड्यांच्या गोंगाटांतून एक आवाज निराळा ओळखूं येतो. तो ताशासारखा कडक आणि तडतडणारा असतो, व त्याच्यामागें निळसर धुराची रेघ तरंगत असते. हा टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज. आपल्या कारखान्यांनीं ज्या मोटारसायकलींना केव्हांच निरोप दिला, त्या तरुणांना पुन्हां कां हव्याशा वाटाव्यात, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. नेहमींच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत दांड्याच्या दोन फेऱ्या झाल्या, कीं एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेरीस होतो. त्यांत झडपा व त्यांचा पसारा नाहीं. सिलिंडरच्या भिंतींतील छिद्रें वरखालीं सरकणारा पिस्टनच उघडतो आणि मिटतो. भाग थोडे, म्हणून वजन थोडें. आणि वजनाच्या मानानें शक्ति मोठी. परंतु या साधेपणाची किंमत द्यावी लागते. जळलेला वायु बाहेर जाण्याची आणि ताजें मिश्रण आंत येण्याची वेळ जवळजवळ एकच असल्यामुळें कांहीं पेट्रोल न जळतांच निसटतें, आणि पेट्रोलबरोबर वंगणाचें तेलही जळतें. निळा धूर तो हाच.

हें निसटतें मिश्रण अडविण्याची युक्ति पूर्व जर्मनींतील एम. झेड. कारखान्याच्या वाल्टर काडेन या अभियंत्यानें १९५० नंतरच्या दशकांत परिपूर्ण केली. त्यानें सायलेन्सरची नळी अशी फुगीर घडविली, कीं तिच्यांतून परतणारी दाबाची लाट मिश्रणाला पुन्हां सिलिंडरांत ढकलील. १९६१ सालीं त्याच कारखान्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला, आणि ही विद्या जपानच्या सुझुकीकडे पोहोंचली. १९६४ सालीं बेल्जियमच्या झोएल रोबेरनें चेक बनावटीच्या सी. झेड. गाडीवर २५० सी. सी. वर्गाचें मोटोक्रॉसचें जगज्जेतेपद मिळविलें. पुढें कित्येक वर्षें मातीच्या शर्यतींवर याच यंत्राचें राज्य होतें.

आपल्याकडे याच चेक परंपरेंतील जावा आणि येझ्दी म्हैसूरच्या कारखान्यांतून १९९६ पर्यंत बाहेर पडल्या. १९८५ सालीं आलेली यामाहा आर. एक्स. १०० तर सुमारें शंभर किलो वजनाची चपळ गाडी. घरोघर ती कामाची म्हणून आली आणि हौशी तरुणांनीं तिलाच शर्यतीची केली. मुंबई व नवी मुंबईच्या परिसरांत भर पावसांत होणाऱ्या मान्सून स्कूटर रॅलीच्या आरंभीच्या काळांत चिखल तुडविणाऱ्या स्कूटरीही टू-स्ट्रोकच होत्या.

मग हें राज्य गेलें कसें? १९९७ सालीं अमेरिकेंत डग हेन्रीनें यामाहाच्या नव्या फोर-स्ट्रोक गाडीवर लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली. शर्यतींच्या नियमांनींही फोर-स्ट्रोकला अधिक मोठ्या इंजिनाची मुभा दिली. इकडे भारतांत १९९६ व २००० सालच्या धूरविषयक नियमांनीं टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे दिवस भरले.

परंतु मोठ्या शक्तीबरोबर मोठा खर्चही आला. शर्यतीचें फोर-स्ट्रोक इंजिन बिघडलें, कीं झडपा, साखळी, कॅमशाफ्ट यांचें बिल स्वाराच्या छातीत धडकी भरवितें. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा मात्र जाणकार माणूस घरच्या अंगणांत बदलतो. शिवाय दगडधोंड्यांच्या चढावर गाडी उचलून पुढें ढकलावी लागते, तेव्हां प्रत्येक किलो जाणवतो. म्हणूनच यामाहानें आपल्या टू-स्ट्रोक गाड्या बंद केल्या नाहींत, आणि के. टी. एम.नें २०१७ सालीं फ्युएल इंजेक्शन असलेल्या टू-स्ट्रोक गाड्या पुढें आणल्या. अशा विदेशी गाड्या आपल्याकडे फार महाग पडतात, आणि शर्यतीसाठींच बनविलेल्यांना रस्त्यावर परवाना नाहीं. त्यामुळें आमचा तरुण आजोबांची येझ्दी नाहीं तर काकांची आर. एक्स. बाहेर काढतो, आणि केस पिकलेल्या एखाद्या मिस्त्रीसमोर शिष्य म्हणून बसतो. आजची गाडी उघडण्यास संगणक लागतो. ही गाडी पान्यानें उघडते आणि कानानें समजते. हातांतून हातांत जाणारी ही विद्या या पुनरागमनांतील मोलाचा ठेवा आहे, असें मला वाटतें.

तथापि प्रेमानें डोळे मिटतां कामा नयेत. न जळलेलें पेट्रोल आणि जळलेलें तेल आपल्याच मुलांच्या फुफ्फुसांत जातें. पनवेलजवळ कर्नाळ्याचें रान १९६८ पासून पक्ष्यांसाठीं राखलेलें आहे. तेथें असल्या आवाजाला जागा नाहीं. भातखाचरांच्या बांधांवरून चाकें फिरलीं, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचें नुकसान होतें. आणि मोकळें माळरान तर दिवसेंदिवस इमारतींखालीं जात आहे. स्वाराला मैदान नाहीं, म्हणून तो रस्त्यावर, घाटांत अगर शेतांत शिरतो. आणि पुष्कळदां तेथेंच हातपाय मोडून घेतो.

जानेवारी २०२४ मध्यें पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉसची शर्यत भरविण्यांत आली. शहराच्या पोटांतही हा खेळ शिस्तीनें होऊं शकतो, हें त्यावरून दिसलें. २०१६ सालीं पनवेल ही महानगरपालिका झाली. क्रिकेटला मैदान लागतें, पोहण्याला तलाव लागतो, तसा या खेळालाही वस्तीपासून दूर, कुंपण घातलेला एक मातीचा तुकडा मिळावा. तेथें शिरस्त्राण सक्तीचें असावें आणि रुग्णवाहिका उभी असावी. रोजच्या रस्त्यावर मात्र धूर न सोडणाऱ्या वाहनानेंच जावें.

जुनें यंत्र जपण्यांत कृतज्ञता आहे. पण त्याचा धूर दुसऱ्याच्या श्वासांत जाऊं न देण्यांत सभ्यता आहे. तरुण या दोहोंचा मेळ घालतील, तर ही हौस शहरालाही आपलीशी वाटेल.