गटासाठी लॅपटॉप घेताना

आमचा गट मसाले, पापड, लोणची करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता पाकिटांची लेबलं आणि गावातल्या लग्न-बारशाच्या पत्रिकाही आम्हीच करतो. त्यासाठी गटाच्या बचतीतून लॅपटॉप घेतला. ते पैसे कुणी शेळी विकून भरलेले, कुणी भाजी विकून. त्यामुळे दुकानदार काय म्हणतो यापेक्षा आपलं काम काय मागतं, ते आधी बघितलं. कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. दुकानात काय बघायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी स्क्रीन. आपलं काम रंगाचं आहे. स्वस्तातल्या कित्येक लॅपटॉपची स्क्रीन जरा तिरकी बघितली की रंग बदलतो. म्हणून आयपीएस स्क्रीन मागा. माहितीच्या कागदावर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल, तर ती स्क्रीन रंग फिके दाखवते. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेली या कामाला चांगली. हे शब्द कागदावर लिहून घ्या, पाठ करायची गरज नाही. आणि दुकानात जाताना पिशवीत आपलं तिखटाचं पाकीट टाका, पेनड्राइव्हवर त्याच लेबलची फाइल घ्या. फाइल उघडायला लावा, पाकीट शेजारी धरा, समोरून बघा, दोन्ही बाजूंनी बघा. तिखटाचा लाल केशरी दिसायला लागला, तर दुसरा लॅपटॉप दाखवायला सांगा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

तरी एक लक्षात ठेवा. स्क्रीन रंग दाखवते ती लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून. छापखाना छापतो चार शाईंनी: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. स्क्रीनवर चमकणारा पोपटी कागदावर मंद उतरतो, त्यात लॅपटॉपचा दोष नसतो. हजार लेबलं छापायच्या आधी एक नमुना छापून मागा.

आता रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि साठवण म्हणजे कोठीची खोली. कोठी कितीही मोठी असली, तरी ओटा लहान असेल तर एका वेळी एकच भांडं मांडता येतं. आठ जीबीत साधी लेबलं होतात. पण मोठे फोटो घातलेला बॅनर आणि दोन-तीन फाइली एकदम उघडायच्या असतील, तर सोळा जीबी घ्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा घेतानाच विचारा. साठवण एसएसडीच हवी, ५१२ जीबी पुरते.

'डिझाइनचं काम आहे ना, मग गेमिंगचा घ्या,' असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. त्यातलं वेगळं ग्राफिक्स कार्ड व्हिडिओ जोडायला आणि थ्रीडी कामाला लागतं. लेबल-पत्रिकेला त्याची गरज नाही. तो लॅपटॉप वजनानंही जड असतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, तिथे बॅटरी टिकणं जास्त मोलाचं. ते वाचलेले पैसे स्क्रीन आणि रॅममध्ये घाला.

कोणत्या सॉफ्टवेअरवर काम करणार, तेही आधी ठरवा. कोरलड्रॉ विकत घ्यावं लागतं आणि ते क्रोमबुकवर बसत नाही. इंकस्केप आणि गिंप फुकट मिळतात. तुमचं सगळं काम कॅन्व्हावरच भागत असेल, तर ते मोबाइलवरही चालतं. अशा गटानं लॅपटॉपसाठी कर्ज काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुना लॅपटॉप घेणार असाल, तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते विचारा. विंडोज १० चा आधार कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला. चार्जर काढून अर्धा तास दुकानातच चालू ठेवा. बॅटरीची अवस्था तिथल्या तिथे कळते.

पावती गटाच्या नावानं घ्या, कुणा एकीच्या किंवा तिच्या मालकांच्या नावानं नको. दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला आहे की जिल्ह्याला, तेही विचारून ठेवा. आमचा लॅपटॉप गटाच्या कपाटात असतो, वहीत सही करूनच बाहेर निघतो. घरी नेला की पोरं त्यावर गेम घालतात, हे तुम्हालाही माहीत आहे. लेबलांच्या फाइलींची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर ठेवतो आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता अध्यक्षताईंकडे देतो.