डब्यातला माणूस बाहेर काढताना

(तामलवाडी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

1976 च्या मार्चमध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण सुरू झालं, आणि त्यातला एक नट वारंवार रुसून बसू लागला. त्याचं नाव आर-टू-डी-टू. उंची साधारण साडेतीन फूट, अंग धान्याच्या पत्र्याच्या कोठीसारखं आणि वर गोल घुमट. रिमोटनं चालवायचं म्हटलं की तो मधेच थांबे, नाही तर भलतीकडे वळे. मग दिग्दर्शकानं तेच केलं जे सिनेमावाले नेहमी करतात. रोबो दोन पायांवर उभा राहून डुलायला हवा असेल, तेव्हा आत केनी बेकर नावाचा 3 फूट 8 इंच उंचीचा नट बसवला. सरळ चालायला हवा असेल, तेव्हा तीन पायांचा दुसरा सांगाडा आणला. एक बाहुला डुलणारा, एक चालणारा. मधली कात्री संकलकानं मारली. 1977 साली जगभरच्या पोरांनी पडद्यावर पाहिला तो मात्र एकच, अखंड, जिवंत आर-टू.

सिनेमातल्या रोबोची प्रतिकृती करणाऱ्याची खरी पंचाईत इथंच होते. त्याच्याकडे कात्री नाही. पडद्यावर दोन शरीरांनी वाटून घेतलेलं काम त्याच्या एकाच शरीरानं करायचं आहे, तेही समोर पोरं उभी असताना, आणि आत माणूस न बसवता.

ऑस्ट्रेलियाच्या डेव्ह एव्हरेटनं 1999 साली असल्या खटपट्या लोकांचा एक क्लब सुरू केला. सदस्यांनी मापं जुळवली, नकाशे काढले आणि एकमेकांना वाटले. आज ही मंडळी देशोदेशी पसरलेली आहेत. कुणी प्लॅस्टिकच्या शीटचे थर चिकटवून अंग करतो, कुणी लाकडाचं, कुणी ॲल्युमिनियमचं. सगळं धातूत केलं तर वजन शंभर किलोंच्याही वर जाऊ शकतं. एवढं धूड हलवायला पुष्कळांनी व्हीलचेअरच्या मोटरी वापरल्या. त्या सावकाश फिरतात, पण ओढ दांडगी असते.

डोकं फिरवणं सोपं वाटतं. ते तसं नाही. घुमटात दिवे आहेत, उघडमीट करणारी झाकणं आहेत, म्हणजे खालून वर वायरी गेल्या पाहिजेत. घुमटानं चार गिरक्या घेतल्या की वायरींचा पीळ पडतो आणि पाचव्या गिरकीला एखादी तुटते. यावर उपाय म्हणजे स्लिप रिंग. कडी फिरत राहते, तिच्यावर ब्रश घासत राहतो, वीज वाहत राहते. ट्रकच्या अल्टरनेटरात हीच युक्ती असते. सोलापूर-तुळजापूर हायवेवरच्या कुठल्याही ऑटो-इलेक्ट्रिशियनला ती समजावून सांगावी लागणार नाही.

सगळ्यांत अवघड पाय. दोन पायांवर उभा असलेला आर-टू तिसरा पाय बाहेर काढतो, मागे रेलतो, चालू लागतो, आणि थांबल्यावर पुन्हा दोनांवर येतो. सिनेमात ही किमया कात्रीनं झाली होती. घरच्या रोबोत तिसरा पाय उचलताना सगळा भार नेमका दोन पावलांच्या मधोमध यावा लागतो. जरा इकडेतिकडे झालं की वर्षानुवर्षांची मेहनत तोंडावर आपटते.

या नादाची दखल शेवटी सिनेमानंच घेतली. 2013 साली जर्मनीतल्या एसेन इथं ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा मेळा भरला होता. निर्मात्या कॅथलीन केनेडी तिथं हे घरगुती रोबो पाहायला आल्या. ऑलिव्हर स्टीपल्स आणि ली टाउर्सी या दोघा हौशींना पुढे ‘द फोर्स अवेकन्स’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटासाठी आर-टू बनवायचं काम मिळालं. तो चित्रपट 2015 मध्ये आला. नक्कल करणारा मूळ प्रत करायला बसला, असं कलेच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

कॅलिफोर्नियाच्या माइक सेनाचं कोडं वेगळं होतं. 2008 च्या ‘वॉल-ई’मधला रोबो संगणकावर काढलेला, म्हणजे मोजायला वस्तूच नाही. चित्रं पाहून मापं ठरवायची आणि हाडं-सांधे स्वतः शोधायचे. तीन हजारांहून जास्त तास त्यानं त्यात घातले.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. 2010 साली रजनीकांतचा ‘रोबोट’ आला. बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड ते हेच. त्या चित्रपटातल्या चिट्टी या रोबोसाठी अमेरिकेतल्या लेगसी इफेक्ट्स या स्टुडिओनं यांत्रिक पुतळे बनवले होते. हा चित्रपट पाहून पवईच्या आयआयटीतल्या केंद्रीय विद्यालयात संगणक शिकवणारे दिनेश पटेल कामाला लागले. 2021 मध्ये लोकांसमोर आली ती त्यांची रोबो ‘शालू’: प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ सामानातून, तीन वर्षं खपून, सुमारे 50 हजार रुपयांत. पटेल मूळचे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचे. शालू मात्र 9 भारतीय आणि 38 परदेशी भाषा बोलते, त्यात मराठीही आहे, अशी बातमी तेव्हा गाजली.

शालू ही चिट्टीची प्रतिकृती नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. चिट्टी गोळ्या झाडतो, आगगाडीवर धावतो. पटेलांनी त्यातलं एकच उचललं: प्रश्न विचारला की उत्तर देणं. शिक्षकाला तेच सुचणार! आर-टूची गंमत याच्या अगदी उलट. त्याला माणसाची एकही भाषा बोलता येत नाही. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी स्वतःच्या तोंडचे बाळबोल आणि सिंथेसायझर मिसळून त्याची शिट्टी तयार केली, आणि तेवढ्यावर तो रागावतो, घाबरतो, लाडात येतो. घरच्या प्रतिकृतीत त्या आवाजांचं रेकॉर्डिंग आणि एक स्पीकर पुरतो. बोलणं स्वस्त पडतं आणि पाय महाग, हा या धंद्यातला उलटा हिशेब आहे.

या यंत्रांचे नातेवाईक आपल्या आसपासही आहेत. तामलवाडीहून सोलापूर जवळ. तिथं ज्या जकार्ड मागावर चादरी विणल्या गेल्या, त्याची कल्पना 1804 च्या सुमाराची, फ्रान्सच्या ल्यों शहरातली. भोकं पाडलेले पत्ते पुढे सरकतात, भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आर-टूचं कोणतं झाकण कधी उघडायचं, हे ठरवणारा आजचा संगणक-प्रोग्राम याच घराण्यातला. आणि गणपतीच्या हलत्या देखाव्यात पुष्कळदा गाडीच्या वायपरची मोटर असते. भंगारात मिळते, बारा व्होल्टवर चालते, आणि आतल्या वर्म गिअरमुळे वीज गेली तरी उचललेला हात सहसा खाली पडत नाही. परदेशातले हौशीही तीच मोटर शोधत भंगारवाल्याकडे जातात.

एक अडचण मात्र आपल्याकडे जास्त येईल. आर-टूची चाकं लहान आणि पावलांच्या आत लपलेली असतात. जमीन गुळगुळीत असेल तर तो डौलात चालतो. जुन्या घराच्या उंबऱ्यापाशी मात्र चौघांनी हात लावावा लागेल, किंवा दोन्ही बाजूंना फळी टाकावी लागेल. तीही जाड. शंभर किलो आहेत.