चक्र, शंख आणि माईंचा प्रश्न

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या मानसोपचाराबद्दल बोल, पण रडवू नकोस," असं संयोजकांनी बजावलं आहे. म्हणून आधी सगळ्यांनी आपापली बोटं पाहा. मधल्या सुट्टीत आपण एकमेकांची चक्रं मोजायचो, आठवतं? जास्त चक्रं तो राजा, शंखवाले प्रजा. त्यासाठी ऑफिसातलं स्टॅम्पपॅड कुणी पळवलं होतं, हे सर समोर बसले असल्यामुळे सांगत नाही.

आपल्या वर्गातली जुळ्या भावांची जोडी आठवत असेल. एकमेकांची हजेरी लावायचे ते. त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहे. कॉलेजात असताना त्यांतल्या एकाला कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. आजार स्किझोफ्रेनियाचा होता, पण घरचे आधी भगताकडे गेले. दोन वर्षं त्यात गेली.

मी तेव्हा मेडिकलला होतो. सुट्टीत धरणगावला आलो की माई विचारायच्या, "दोघं एकाच पोटातले, एकाच ताटातले. मग ह्यालाच का? माझं काय चुकलं?" कुणी त्यांना सांगितलं होतं, ग्रहणात विळी हातात धरली असेल. कुणी म्हणे, लाड फार केले. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तराचा एक तुकडा मला पुढे बोटांवरच सापडला. १९९२ साली अमेरिकेत ब्राचा, टॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांचे ठसे तपासले. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरा निरोगी. ठशाच्या मध्यापासून जिथे रेषा तीन दिशांना फुटतात त्या तिठ्यापर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात, हे मोजून दहा बोटांची बेरीज करायची. एकसारख्या जुळ्यांत ही बेरीज फार जवळची येते. या जोड्यांत मात्र, दोघेही निरोगी असलेल्या ७ जोड्यांच्या तुलनेत, फरक जास्त निघाला.

बोटंच का? कारण या रेषा गर्भाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उमटतात आणि मग जन्मभर बदलत नाहीत. त्वचेचा वरचा थर आणि मेंदू, दोन्ही गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून घडतात. म्हणजे त्या महिन्यांत काही बिनसलं, तर त्याची खूण बोटांवर तारखेच्या शिक्क्यासारखी राहू शकते. टाळूची ठेवण, कानांचा आकार अशा बारीक खुणाही संशोधक याच कारणाने पाहतात.

हे मी एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "म्हणजे आईच्या पोटातच बिघडलं. आईचंच चुकलं की!" मला राग आला. अहो, आई तर दोघांची एकच! तिने खाल्लेली भाकरी दोघांना मिळाली, तिचा ताप दोघांनी सोसला. फरक पडला तो त्या दोघांच्या मध्ये. एकसारख्या जुळ्यांत बऱ्याचदा वार एकच असते, तिच्यातून एकाला रक्त जास्त, दुसऱ्याला कमी जाऊ शकतं. ते कुठल्याही माउलीच्या हातात नसतं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच. एका जुळ्याला हा आजार असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास धरतात. पण उरलेल्या निम्म्यांत एकच बीज असूनही दुसरा निरोगी राहतो, हेही तितकंच खरं.

आता कृपा करून घरी जाऊन नातवंडांच्या चक्रांवरून भविष्य काढू नका! हा फरक अनेक जोड्या एकत्र पाहिल्यावर दिसतो. एकट्या माणसाच्या ठशावरून आजार ओळखता येत नाही. झोप उडणं, माणसं टाळणं, एकट्याशीच बोलणं, ह्या खुणा पाहा आणि लवकर डॉक्टर गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे.

माईंना मी हे सगळं समजावलं तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. त्यांनी दोन्ही मुलांचे हात मागून घेतले आणि बराच वेळ बोटं पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही रे?"

एक भाऊ आज इथे आहे. दुसरा गोळ्या नियमित घेतो, दुकानाचा हिशेब लिहितो, पण गर्दी त्याला सोसत नाही, म्हणून आला नाही. उद्या सकाळी मी त्याच्याकडे चहाला जाणार आहे. दोघातिघांनी बरोबर या, एकदम दहाजण नको.