हजेरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी वेधशाळांसाठी काम करते म्हटल्यावर सकाळपासून चौघांनी विचारलं, ‘पाऊस कधी गं?’ ती वेधशाळा वेगळी. आमची ताऱ्यांचे वेध घेणारी. पावसाची धास्ती मात्र आम्हालाही तेवढीच.

आपल्या जुन्नरजवळ गिरवलीला २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. लडाखमध्ये हानले इथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर तेवढीच दुसरी आहे. ती उपग्रहामार्फत बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात. काही लहान दुर्बिणी तर रात्रभर माणसाशिवाय चालतात. छत उघडायचं की बंद करायचं, हे संगणक ठरवतो. आरशावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप असतो. पाणी आणि धूळ त्याचे वैरी. म्हणून बाहेर आर्द्रता, वारा, पाऊस आणि ढग ओळखणारी उपकरणं लावतात. निरभ्र आकाश उष्णता मोजणाऱ्या उपकरणाला खूप थंड दिसतं, ढग आले की उबदार. त्यावरून ढग कळतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मध्यरात्री सर आली आणि छत उघडंच राहिलं. पहारेकऱ्याने धावत जाऊन हाताने बंद केलं, म्हणून आरसा वाचला. दोष शोधायला मला बोलावलं. सगळ्यांचा संशय पावसाच्या उपकरणावर होता. मी नोंदी उघडल्या. तीन तास आर्द्रता ६१.४ टक्के. दशांशानेही हललेली नाही! हवा इतकी शहाण्यासारखी कधी वागत नाही. बाहेरून येणारी केबल तुटली होती, आणि प्रोग्रॅम फाइलमधली शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचून ‘सर्व ठीक’ म्हणत होता. ‘पाऊस आहे का?’ एवढंच तो विचारायचा. ‘ही खबर केव्हाची?’ हे विचारायचं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आपल्या वर्गात ‘हजर’ ऐकू आलं नाही, तर बाई गैरहजेरी लावायच्या. काल आला होता म्हणजे आजही आला असेल, असं त्यांनी कधी धरलं नाही. आम्ही तोच नियम लावला. दोन मिनिटांत नवी नोंद आली नाही, तर हवा वाईट समजून छत बंद. बंद करताना क्षणाचाही उशीर नाही. उघडताना मात्र अर्धा तास सलग चांगली हवा हवी, नाहीतर आर्द्रता मर्यादेच्या काठावर असताना छत रात्रभर उघडझाप करत बसतं. आणि खुद्द संगणकच अडकला तर? त्यासाठी छतापाशी बॅटरीवर चालणारा वेगळा छोटा नियंत्रक बसवला. संगणकाचा निरोप थांबला, की तो स्वतःच छत बंद करतो.

मग भर दुपारी छत उघडून मी एकेक केबल काढत गेले. प्रत्येक वेळी छत बंद झालं, तेव्हाच काम झालं असं म्हटलं. निरीक्षणाचे तास वाया जातात, अशी कुरकुर झाली. पण गेलेली रात्र उद्या पुन्हा येते. लेप खराब झाला, तर आरसा उतरवून दुर्बीण बंद ठेवावी लागते.

तुमच्यातलं कोणी धरणावर आहे, कोणी इस्पितळात, कोणी कारखान्यात. तुमच्यासमोरही एखादा हिरवा दिवा असेलच. सगळं ठीक आहे म्हणून तो हिरवा आहे, की पलीकडून कोणी बोलतच नाही म्हणून? सोयीची आणि सुरक्षित वेळ बघून एकदा तपासा.