स्प्रिंग नजरेने पास होत नाही

(रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या कामगार शिक्षण वर्गात केलेले भाषण)



युनियनचा सेक्रेटरी विज्ञानाच्या तासाला कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. आम्ही मॅट्रिकच. पण आमची निम्मी नोकरी पिट लाईनवर बोगीखाली वाकून गेली, आणि तिथल्या पोलादी स्प्रिंगने आम्हाला चार्जशीटच्या उत्तरात विज्ञान लिहायला लावले.

शाळेत तुम्ही स्प्रिंगला वजने टांगली असतील. पन्नास ग्रॅमला जेवढी लांबली, शंभरला त्याच्या दुप्पट. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांचे कोडे करून छापला आणि १६७८ मध्ये कोडे उलगडून दाखवले. आपल्या शोधाचे श्रेय दुसऱ्याने लाटू नये म्हणून ही युक्ती. म्हणजे ती भीती तेव्हाही होतीच! मात्र नियमाला हद्द आहे. वर्गातली वांड पोरे स्प्रिंग हातभर ओढतात, मग ती मूळ लांबीवर येत नाही. रद्दीवाल्याचा काटा जुना झाला की असाच खोटे बोलू लागतो.

आता दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी शेजारी टांगून तेच वजन दोघींना मिळून लावा. लांबण निम्मी होते, कारण भार वाटला जातो. वाघिणीच्या बोगीत हेच आहे. मोठ्या स्प्रिंगच्या पोटात छोटी बसवलेली असते, आणि दोघींचे पीळ उलट दिशेचे असतात, म्हणजे एकीचे वेटोळे दुसरीत अडकत नाही. आतली तुटली तर बाहेरची बिचारी दोघींचा भार उचलते. वरून बघणाऱ्याला सगळे ठीकच दिसते.

रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप हीसुद्धा स्प्रिंगच. मार्क तीन क्लिपने रुळाच्या पायावर साडेआठशे ते अकराशे किलोचा दाब द्यायचा असतो. ट्रॅकमनच्या हातोड्याखाली ती बसते, म्हणून तिला कोणी यंत्र म्हणत नाही इतकेच.

बोगीच्या स्प्रिंगा ग्वाल्हेरजवळ सिथौलीच्या रेल्वे कारखान्यात बनतात. गज तापवून गुंडाळायचा, तेलात विझवायचा, पुन्हा बेताने तापवायचा. मग त्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करायचा. त्याने पृष्ठभाग दाबला जातो आणि चीर सहज सुरू होत नाही. चीर बहुधा पृष्ठभागावरच जन्मते: गंजाच्या खड्ड्यात, छिन्नीच्या ओरखड्यात, वेल्डिंगच्या चटक्यात. म्हणून स्प्रिंगला वेल्डिंगची अर्थ कधीही लावू नका, मिस्त्रीने सांगितले तरी.

पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या पद्धतीचे डबे बनवणे २०१८ मध्ये थांबवले. त्या डब्यांच्या स्प्रिंगा ठरलेल्या भाराखाली उंची मोजून तीन गटांत लावतात: पिवळा, निळा, हिरवा. एका बोगीत एकाच रंगाच्या. गट मिसळले तर उंच स्प्रिंग जास्त भार घेते आणि दुसरीकडचे चाक हलके पडते. तो रंग शोभेचा नाही, ती मोजमापाची सही आहे. मशीन बंद आहे म्हणून कोणी अंदाजाने रंग लावायला सांगितले, तर लेखी मागा.

२००४ च्या पावसाळ्यात एका डेपोत (नाव घेत नाही) गाडी पुढच्या स्टेशनात पोचली तेव्हा एक स्प्रिंग तुटलेली सापडली. रात्रपाळीचा फिटर आणि खलाशी, दोघांना चार्जशीट. आम्ही बचाव सहाय्यक. चौकशीत आम्ही तुटका तुकडाच टेबलावर मागितला. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळा, गंजलेला. बाकीचा चकचकीत, ताजा. म्हणजे चीर कितीतरी दिवस वाढत होती, आणि तीही खालच्या बैठकीत दडलेल्या वेटोळ्यावर. बोगी उतरवल्याशिवाय ती दिसणार नव्हती. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी चुंबकीय तपासणीतच ती सापडली असती. पिटमधल्या दिव्यांचे तर विचारूच नका. खलाशी स्वतःची टॉर्च वापरत होता.

खलाशी सुटला. फिटरची एक वेतनवाढ थांबली ती थांबलीच. अपील केले, फेटाळले गेले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत तीन गोष्टी मागतो: चालू स्थितीतले भार-चाचणी मशीन, चुंबकीय तपासणीची नोंदवही कामगाराला पाहायला मिळावी, आणि पिटमध्ये उजेड. दिवे काही ठिकाणी आले. नोंदवहीचे भांडण अजून चालू आहे.

मागच्या टेबलावर दोन स्प्रिंगा, वजने आणि फूटपट्टी ठेवली आहे. चहा झाल्यावर चौघाचौघांनी या. एका जोडीत आम्ही आतली स्प्रिंग काढून ठेवली आहे. कोणत्या, ते हात न लावता सांगायचे नाही, वजन टाकून मोजून सांगायचे.